घरातील पाइप गॅस : वास, सावधगिरी आणि बिल

पालघर जिल्ह्यात घरोघरी नळाने नैसर्गिक वायू पुरविण्याचे काम चालू असून त्याचा परवाना गुजरात गॅस या कंपनीकडे आहे. त्यामुळे बेटेगावसारख्या बोईसरलगतच्या गावात एकाच वर्गातील एका मुलाच्या घरी सिलिंडर, तर दुसऱ्याच्या घरी पाइप गॅस असू शकतो. तारापूरच्या कारखान्यांत पालक पाळीवर गेले असता घराचे कुलूप उघडणारे पुष्कळदा मूलच असते. आत गॅसचा वास आला तर काय करावे, हे त्यास ठाऊक असले पाहिजे. आणि ते शिकविण्यास शाळेहून योग्य जागा नाही.

प्रथम दोन्ही वायूंतील भेद मुलांस समजावून द्यावा. पाइप गॅस हा मुख्यत्वे मिथेन होय. तो हवेहून हलका असल्यामुळे गळती झाल्यास वर छताकडे जातो. सिलिंडरमधील गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो व जमिनीलगत साचतो. म्हणून पाइप गॅस असलेल्या स्वयंपाकघरात वरची जाळी व सिलिंडर असलेल्या घरात खालची वाट मोकळी हवी. पावसाची झड येते म्हणून जाळीस प्लास्टिक ठोकण्याची सवय घातक आहे. तसेच सिलिंडरची शेगडी, तिच्यात योग्य तो बदल करून घेतल्यावाचून, नळाच्या गॅसला जोडू नये.

मिथेनला स्वतःचा वास नसतो. जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्केप्टन या द्रव्याचा. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी वास नसलेला गॅस इमारतीखाली साचला, विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक प्राणास मुकले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा तेथे झाला. आज आपल्या घरात येणारा वास हा अशा रीतीने मिळालेला इशारा आहे. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

मुलांकडून पुढील नियम तोंडपाठ करून घ्यावेत. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, पंख्याचेही नाही. काडी ओढू नये. घरात फोन लावू नये. दार उघडे टाकून बाहेर पडावे व मोठ्या माणसास सांगावे. शेगडीचे बटण, मीटरजवळची मुख्य झडप वा सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे, खिडक्या उघडणे ही कामे मोठ्यांची होत. पाइप गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो दाराच्या बाहेरील बाजूस लिहून ठेवावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

आता बिलाविषयी. मीटरवरील काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवितात. लाल आकडे अपूर्णांक असून ते सोडून द्यावेत. मागील वाचन ४१२ व चालू वाचन ४३८ असेल तर वापर २६ घनमीटर. या संख्येस दराने गुणून स्थिर आकार व कर मिळविले म्हणजे बिलाची रक्कम येते. घर बंद असल्यास कंपनी अंदाजाने वाचन धरते. पुढे प्रत्यक्ष वाचन झाल्यावर ती रक्कम वळती झाली की नाही हे पाहावे. जोडणीच्या वेळी भरलेली अनामत परत मिळण्याजोगी असते, यास्तव तिची पावती जपावी. 'आज रात्री गॅस तोडला जाईल, या दुव्यावर पैसे भरा' असे संदेश फसवे असतात. खात्री बिलावरील क्रमांकावरूनच करावी.

तिसरी-चौथीच्या वर्गास वजाबाकीचा पाठ देताना हाच मीटर फळ्यावर काढावा. मुलांनी घरी मोठ्यांसमवेत वाचन लिहून आणावे व दुसऱ्या महिन्यात पुन्हा आणावे. ज्यांच्या घरी सिलिंडर आहे त्यांनी तो किती दिवस पुरला ते मांडावे. अशा रीतीने गणित होईल, घरात बिल तपासले जाईल आणि मुख्य झडप कोठे आहे हे प्रत्येक मुलास प्रत्यक्ष पाहून कळेल.