गार काटा

ट्रॅक्टर तासभर नांगर ओढतो आहे, तरी तापमानाचा काटा पहिल्या खुणेवरून हलत नाही. पुष्कळजण म्हणतात, "बरं झालं, इंजिन गार आहे!" पण मंडळी, काटा खरे बोलतो की खोटे, हे आधी पाहायला हवे.

पहिली गोष्ट पाण्याची. पाणी फार उतरले की तापमान टिपणारा सेन्सर कोरडा पडतो; मग इंजिन आतून भाजत असले तरी काटा खालीच! म्हणून इंजिन पूर्ण निवल्यावर रेडिएटरचे झाकण काढून पाहा. गरम असताना मुळीच नको.

पाणी पुरेसे असेल, तर गार इंजिन सुरू करून वरच्या नळीला हात लावा, पंख्यापासून जपून. नळीने बराच वेळ गार राहावे आणि मग एकदम तापावे. ती सुरुवातीपासूनच कोमट होत गेली, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असे समजा. मेणाच्या गोळीवर चालणारी ही झडप बहुधा ८० ते ९० अंश सेल्सिअसला उघडते. पातेल्यातल्या पाण्यात ती तापवून पाहता येते. शिक्षकांनी वर्गात दाखवावा असाच हा प्रयोग! काही मिस्त्री ती काढूनच टाकतात. ते बरे नव्हे. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर लवकर झिजतात.

नळी चांगली तापते, काटा मात्र ढिम्म? जुन्या एकतारी मापकात चावी चालू ठेवून सेन्सरची तार काढा व क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवा. काटा चढला तर सेन्सर बदला. नाही चढला तर दोष तारेत किंवा मापकात. नव्या, संगणकवाल्या गाड्यांत मात्र हा उपाय करू नका.