देव सर्वत्र, मग पूजा कोठे?



आषाढी जवळ आली की गावोगाव एक शंका हमखास निघते. पाऊस उशिरा पडला, पेरणी अजून व्हायची आहे, घरात दुसरे कर्ते माणूस नाही. अशा वेळी वारी चुकली तर देवाचा कोप होईल काय? या शंकेचे उत्तर आपल्या संतांनी सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील अरण हे संत सावता माळी यांचे गाव. पंढरपूर तेथून फार दूर नाही. तरीही मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. हातातल्या भाजीपाल्यात आणि मोटेच्या पाण्यात त्यांना विठ्ठल दिसे. इ.स. १२९५ मध्ये त्यांनी अरण येथेच देह ठेवला. त्यांच्या भेटीला विठ्ठलच मळ्यात आला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

संत नामदेवांची कथाही प्रसिद्ध आहे. गुरूच्या शोधात ते औंढा नागनाथला गेले, तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी रागावून पाय काढण्यास सांगितले. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे तूच ते ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवू लागले, तेथे तेथे पिंडीच दिसू लागली!

मग देवळात जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. पाणी जमिनीच्या पोटात पसरलेले असते, तरी ते हाती लागावे म्हणून आपण एका जागी विहीर खणतो. देऊळ आणि वारी यांचेही तसेच आहे. सर्वत्र असलेल्या देवाची आठवण तेथे हाती लागते. मात्र विहिरीचे पाणी विहिरीतच राहिले तर पीक वाळते. ते पाटाने शेतभर न्यावे लागते. देवळात मिळालेली भक्तीही घरात, गोठ्यात आणि बांधावर पोहोचली पाहिजे.

ती पोहोचली नाही म्हणजे काय होते, हेही पंढरपूरनेच पाहिले आहे. चराचरात देव आहे असे म्हणणाऱ्या समाजाने संत चोखामेळ्यांना मंदिराबाहेर ठेवले. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा, म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात तेथे प्राणांतिक उपोषण करावे लागले. देव सर्वांच्या ठायी आहे हे खरे मानले, तर कोणाला दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. पाणवठ्यावर आणि पंगतीतही हाच नियम लागू पडतो.

आता आपल्या रोजच्या कामाचे पाहू. नदीला आपण माय म्हणतो, दिवा सोडतो, आणि त्याच पाण्यात फवारणीचा पंप धुतो. त्या विषाने मासे मरतात आणि खालच्या गावचे गुरू-वासरू तेच पाणी पिते. पंप ओढ्यापासून आणि विहिरीपासून दूर, पडीक जागी धुवावा. निर्माल्य नदीत टाकू नये. त्यातला दोरा व प्लॅस्टिक काढून फुले-पाने शेणकाल्यासह कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. देवाला वाहिलेले फूल खत होऊन पिकाला मिळाले, तर त्याचा मान कमी होत नाही, उलट वाढतो. बैलांना पोळ्यापुरतीच पुरणपोळी नको. खांद्याला गाठ आलेल्या बैलावर जू ठेवू नये. मजुराची मजुरी दिवेलागणीपूर्वी त्याच्या हाती पडावी आणि मापात कसर नसावी.

माउलींनो, देवघरात निरांजन जरूर लावा. पण शेजारणीच्या घरी आजार असेल, तर तिच्याकडे भाकरी नेऊन देणे हाही नैवेद्यच आहे. वारी साधली तर आनंदाने जावे. पेरणीसाठी राहावे लागले, तर मन खंतावू नये. पांडुरंगाचे नाव घेऊन चाड्यावर मूठ धरावी. तो तेथेही आहे.