सरळ जा, मग चौकात वळा!

समजा, तुम्हाला पंख फुटलेत. खाली ट्रॅफिक तुंबलंय, बसवाला हॉर्न बडवतोय आणि तुम्ही मस्तपैकी वरून उडताय. घरी कसे जाल? नाकासमोर! मध्ये नदी येऊ दे, टेकडी येऊ दे, नाहीतर बॉसचा बंगला. आपल्याला काय त्याचं?

आता हे ऐका. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डची काही टपाली कबुतरं घरी जाताना चक्क हायवे धरतात. शहराला वळसा घालून जाणाऱ्या ‘ए 34’ या बायपासच्या वरून उडत राहायचं, जंक्शन आलं की आपणही वळायचं आणि पुढचा रस्ता पकडायचा! 2004 साली ही बातमी पेपरांनी चवीने छापली, लोक हसले आणि विसरून गेले. पण त्या हसण्यात खरा प्रश्न बाजूलाच राहिला. अख्खं आकाश मोकळं असताना पाखराने रस्ता का धरावा?

तुमच्या खिडकीतला पाहुणा

टपाली कबूतर म्हणजे कुणी दुर्मीळ पक्षी नव्हे. तुमच्या एसीच्या बॉक्सवर घरटं करून तुम्हाला जेरीला आणणारं कबूतर आणि हे, जात एकच. फक्त घरी परतण्यात तरबेज असलेली कबुतरं माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवली, एवढाच फरक. त्यांना ढाबळीत वाढवायचं, टोपलीत घालून दूर न्यायचं आणि सोडून द्यायचं. ती परत येतात. आपल्याकडे ओडिशा पोलिसांनी 1946 मध्ये कोरापूटच्या डोंगराळ भागात अशी टपाल सेवा सुरू केली, त्यासाठी लष्कराकडून 200 कबुतरं आणली. 1982 च्या पुरात तारा, रस्ते सगळं ठप्प झालं तेव्हा बांकी गावाशी संपर्क ठेवायला हीच कामी आली. 2002 साली ही सेवा बंद झाली. ईमेल आणि मोबाइलपुढे कोण टिकणार!

पण परत यायची एवढी ओढ कशाला? तर ढाबळीत जोडीदार असतो, अंडी असतात. कबुतरांत अंडी उबवायची ड्यूटी नर आणि मादी वाटून घेतात, पिल्लांना भरवायचं कामही दोघांचं. म्हणजे एक जण वाट चुकला की दुसरा घरट्यात अडकला. वाटेत ससाणा टपलेला असतो, तो वेगळाच. उशीर झाला म्हणून फक्त लेट मार्क लागतो, असं इथे नाही.

होकायंत्र आहेच की!

कबुतराला दिशा कळते, यात काही वादच नाही. ते सूर्याकडे बघतं आणि शरीरातल्या घड्याळाशी मेळ घालून दिशा काढतं. हे तपासायची युक्ती तर फारच भारी आहे. कबुतराला काही दिवस बंद खोलीत ठेवायचं आणि दिव्यांची वेळ सहा तासांनी सरकवायची. बिचाऱ्याला जेट लॅग होतो. मग बाहेर सोडलं की ते साधारण काटकोनात चुकीच्या दिशेला निघतं. सूर्य खरा, घड्याळ खोटं! शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व आहे. 1970 च्या दशकात इटलीच्या फ्लोरिआनो पापी यांनी तर कबुतरं वासावरूनही वाट काढतात असं मांडलं. त्यावर शास्त्रज्ञांची भांडणं पुढे कित्येक वर्षं चालली.

या सगळ्या भांडणात डोळे मागे पडले. त्याला एक कारणही होतं. त्याच दशकात जर्मनीत कबुतरांच्या डोळ्यांवर दुधी लेन्स बसवून पाहिल्या होत्या. उजेड कळेल, पण आकार दिसणार नाहीत, अशा. तरीही त्यातली काही ढाबळीच्या दोन-चार किलोमीटर जवळ येऊन पोचली! म्हणजे लांबच्या पल्ल्याला डोळ्यांवाचून चालतं. फक्त तिथून पुढे नेमकी ढाबळ शोधणं त्यांना जमेना. यावरून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला, की खुणा लागतात त्या अगदी घराजवळ, बाकीच्या वाटेवर त्यांचं काम नाही.

आणि हे खोडून कसं काढणार? कबूतर सोडलं की दुर्बिणीतून ते दिसेनासं होईपर्यंत बघायचं आणि ते कुठल्या दिशेला गेलं हे टिपून ठेवायचं. मग ढाबळीशी बसून वाट बघायची. मधल्या वेळात ते नेमकं कुठे फिरलं, हे बहुतेक वेळा फक्त त्यालाच ठाऊक!

पंखाखालची वाट

मग जीपीएस आलं. पाठीवर वाहून नेता येईल एवढं छोटं यंत्र कबुतराला लावता येऊ लागलं आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातले टिम गिल्फर्ड, डोरा बिरो आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. एकाच जागेवरून तेच कबूतर पुन्हा पुन्हा सोडायचं आणि त्याची वाट नकाशावर काढायची. पहिल्या काही खेपांना नुसता गुंता होता, इकडे वळ, तिकडे भटक. मग हळूहळू रेघा एकमेकींवर बसायला लागल्या. शेवटी प्रत्येक कबुतराची स्वतःची एक ठरलेली वाट तयार झाली. एकाची कुंपणाच्या कडेने, दुसऱ्याची रस्त्यावरून, तिसऱ्याची आणखी कुठून. निघायची जागा तीच, घर तेच, पण वाटा निरनिराळ्या. आणि बहुतेक वाटा सरळ नव्हत्याच!

खरा धक्का पुढे होता. संशोधकांनी या कबुतरांना त्यांच्या वाटेपासून थोडं बाजूला नेऊन सोडलं. आता तरी सरळ घरी जावं ना? छे! ती आधी आपल्या जुन्या वाटेवर आली आणि मग तिथून नेहमीसारखी घरी गेली. होकायंत्र खिशात असूनही! आपण जिला पायाखालची वाट म्हणतो, तीच ही, फक्त पंखाखालची.

त्याच वर्षी, म्हणजे 2004 मध्येच, झुरिकच्या हान्स-पेटर लिप यांच्या गटाने रोमजवळच्या कबुतरांचे 216 प्रवास जीपीएसवर टिपून प्रसिद्ध केले. काही प्रवास तर 50 किलोमीटरपर्यंतचे. तिथेही तोच प्रकार. घराच्या दिशेने जाणारे हायवे आणि एक रेल्वेलाइन कबुतरांना ओढून घेत होते. पण ती काही मेंढरासारखी मागे मागे जात नव्हती, बरं का! हायवे घरापासून फटकून जायला लागला, की ती तो सोडून देत. म्हणजे खालच्या रस्त्याकडे लक्ष आणि मनात घराची दिशा, दोन्ही एकाच वेळी चालू.

हे दोन्ही एकाच वेळी कसं चालतं, ते ऑक्सफर्डच्या लोकांनी 2007 मध्ये दाखवलं. वाट पाठ झालेल्या कबुतरांना त्यांनी तो जेट लॅगचा डोस दिला. खोट्या घड्याळामुळे ती बाजूला ढकलली गेली, पण भरकटली नाहीत. नेहमीच्या वाटेपासून थोडं अंतर ठेवून तिला समांतर उडत राहिली. होकायंत्र एका बाजूला ओढतंय, ओळखीची शेतं आणि झाडं दुसऱ्या बाजूला, आणि पक्षी मधून वाट काढतोय. मला तर या सगळ्या संशोधनात हे चित्र सगळ्यात आवडतं.

मग रस्ता का? लिप यांच्या गटाचं म्हणणं असं, की लांबलचक सरळ रेघ खाली असली की दिशा धरून ठेवायला डोकं कमी लागतं. सारखा हिशोब नको. लांब पडलं तरी चालेल, पण डोक्याला ताप नको. ओळखीचं वाटतंय ना?

ना शहर, ना नुसतं रान

सगळी जमीन सारखी लक्षात राहत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सफर्डभोवतालच्या चार जागांवरून 31 कबुतरं सोडली होती, प्रत्येक साधारण 20 वेळा. वाट सगळ्यात लवकर पाठ झाली ती ‘ना फार, ना कमी’ अशा प्रदेशात. कुंपणं आहेत, मध्येच झाडांचा पुंजका आहे, रानाची कड आहे, असा. नुसती सपाट शेतं असली तर धरायला खूण नाही, आणि गजबजलेल्या शहरात खुणा इतक्या, की कुठली धरावी तेच कळत नाही. नवीन आयटी पार्कमध्ये सारख्या दिसणाऱ्या काचेच्या बिल्डिंगांत पार्किंग शोधून पाहा, म्हणजे पाखराचं दुःख समजेल!

आता लाखमोलाचा प्रश्न. ठरलेल्या पण वेगवेगळ्या वाटांची दोन कबुतरं एकत्र सोडली तर? हेही करून झालंय, 2006 मध्ये. दोघांच्या वाटा जवळ असल्या तर ती मधून जातात, समजूतदार नवराबायकोसारखी. वाटा फार लांब असल्या तर मात्र दोनच शक्यता. एक जण पुढारी होतो आणि दुसरा मुकाट मागे जातो, नाहीतर दोघं आपापल्या वाटेने सुटतात.

आणि नवखा जोडीदार मिळाला तर? 2017 मध्ये ताकाओ सासाकी आणि बिरो यांनी साखळी लावली. वाट पाठ असलेल्या कबुतरासोबत नवखं सोडायचं. काही खेपांनंतर जुनं काढून घ्यायचं आणि त्या नवख्यासोबत आणखी एक नवखं सोडायचं. असं पाच ‘पिढ्या’. वाट पिढीगणिक सरळ होत गेली! एकट्याने उडणारी कबुतरं आपल्याच वाकड्या वाटेला चिकटून राहिली, कायम तीच जोडी ठेवलेल्यांचंही तसंच. सुधारणा झाली ती नवखं येत राहिलं तिथेच. म्हणजे ज्याला काही माहीत नाही तोही वाटेत भर घालत होता. ऑफिसातल्या सीनियर मंडळींनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

अशी शिकलेली वाट किती दिवस टिकते, तेही पाहून झालंय. ढाबळीपासून 8.6 किलोमीटरवरच्या एका शेतावरून घरी यायला शिकलेल्या कबुतरांना तीन-चार वर्षांनी पुन्हा त्याच जागी नेऊन सोडलं. अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात ती तिथून एकदाही उडाली नव्हती. वाट पूर्ण आठवली असं नाही, पण तिचे तुकडे शिल्लक होते, आणि त्यातली काही कबुतरं आपल्या जुन्या वाटेच्या अगदी जवळून उडत घरी आली.