'ओसामू' : उच्चार एक, अर्थ अनेक

सुझुकी मोटर कॉर्पोरेशनचे प्रदीर्घ काळ नेतृत्व करणारे ओसामू सुझुकी यांचे २५ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले. भारत सरकारने त्यांना २००७ मध्ये पद्मभूषण आणि २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देऊन गौरविले. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या 'मारुती ८००'मुळे त्यांचे आडनाव भारतात घरोघरी पोहोचले. 'ओसामू' या त्यांच्या नावाचा अर्थ मात्र येथे फारसा कोणाला परिचित नाही.

ओसामू हे जपानमधील पारंपरिक पुरुषनाम असून ते मुळात जुन्या जपानी भाषेतील क्रियापद आहे. राज्यकारभार करणे, शांतता प्रस्थापित करणे, विद्या आत्मसात करणे, स्वतःला शिस्त लावणे अशा अनेक छटा या एका शब्दात आहेत. सिंह असा अर्थ असलेल्या 'ओसामा' या अरबी नावाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे.

चिन्हावर अर्थ अवलंबून

देवनागरीत अक्षर हे ध्वनी दर्शविते. जपानी नावे मात्र बहुधा चीनमधून आलेल्या 'कान्जी' चिन्हांत लिहिली जातात आणि प्रत्येक चिन्हाला स्वतःचा अर्थ असतो. त्यामुळे उच्चार सारखा असला तरी कोणते चिन्ह निवडले, यावरून नावाचा अर्थ ठरतो.

ओसामू सुझुकी यांच्या नावातील चिन्ह अभ्यास, साधना व सुधारणा दर्शविते. बौद्ध परंपरेतील साधना आणि यंत्राची दुरुस्ती या दोन्ही अर्थांच्या जपानी शब्दांत हेच चिन्ह येते. विशेष म्हणजे त्यांचे मूळ आडनाव मात्सुदा होते. विवाहानंतर सुझुकी कुटुंबात दत्तक गेल्याने आडनाव बदलले, नाव तेच राहिले.

प्रसिद्ध चित्रकथाकार ओसामू तेझुका यांच्या नावातील चिन्ह मात्र शासन व सुव्यवस्था दर्शविते. त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी, म्हणजे सम्राट मेइजी यांच्या जयंतीदिनी झाला. त्यावरून 'मेइजी' या शब्दातील दुसरे चिन्ह त्यांना नाव म्हणून देण्यात आले. कीटकांची आवड असलेल्या तेझुका यांनी पुढे लेखननामात 'कीटक' या अर्थाचे आणखी एक चिन्ह जोडले. उच्चार मात्र ओसामू असाच ठेवला.

कादंबरीकार ओसामू दाझाई (१९०९-१९४८) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचे मूळ नाव शूजी त्सुशिमा. 'शूजी' या नावात वरील दोन्ही चिन्हे एकापुढे एक येतात. त्यांतील दुसरे चिन्ह त्यांनी लेखननामासाठी घेतले आणि ते एकटे आल्यावर त्याचा उच्चार 'ओसामू' असा झाला. रसायनशास्त्राच्या २००८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ओसामू शिमोमुरा हे नाव लिहिताना तिसरेच चिन्ह वापरीत.

वापराचे संकेत

जपानमध्ये आडनाव आधी व नाव नंतर येते. जपान सरकारने १ जानेवारी २०२० पासून रोमन लिपीतील आपल्या दस्तऐवजांतही हाच क्रम स्वीकारला. परिचितांना सामान्यतः आडनावापुढे 'सान' लावून संबोधतात. नावाने हाक मारणे हे कुटुंबीय व निकटचे स्नेही यांच्यापुरते मर्यादित असते. ओसामू हे नाव आज प्रामुख्याने ज्येष्ठ पिढीत आढळते.

एका चिन्हाचे अनेक उच्चार संभवत असल्याने अपरिचित नाव कसे वाचावे, हा प्रश्न जपानी नागरिकांनाही पडतो. तरीही तेथील कुटुंब नोंदवहीत नावाच्या उच्चाराची अधिकृत नोंद नव्हती. सुधारित कायद्यानुसार २६ मे २०२५ पासून ही नोंद होऊ लागली आहे.

देवनागरीत मात्र नेमके उलट घडते. येथे उच्चार टिकतो आणि चिन्ह गळून पडते. त्यामुळे उद्योगपती, चित्रकथाकार, कादंबरीकार आणि शास्त्रज्ञ हे चौघेही आपल्याला सारखेच 'ओसामू' दिसतात. म्हणूनच नावांच्या पुस्तकात किंवा यादीत जपानी नावापुढे एकच अर्थ दिलेला आढळल्यास तो अंतिम मानू नये. आई-वडिलांनी मुलासाठी कोणती इच्छा धरली होती, हे त्यांनी निवडलेले चिन्ह पाहिल्यावरच कळते.