तेरा कोसांची धाव

राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १२ चे ठाणे असलेल्या हिंगोलीत, भरतीच्या ५ किलोमीटरसाठी पहाटे धावणारी पोरे आणि निव्वळ हौसेखातर मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे सुमारे तेरा कोस, कापू पाहणारा एखादा प्रौढ कारकून एकाच सडकेवर दिसले, तरी दोघांचे शास्त्र भिन्न. कारण मॅरेथॉनमध्ये स्नायूंत व यकृतात साठलेले ग्लायकोजेन हे इंधन साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर सरत येते आणि पाय हुकूम मानीनासे होतात. म्हणून आठवड्यातील दीर्घ धाव, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने, क्रमाक्रमाने वाढवावी, खिशात गुळाचा खडा बाळगावा, आणि शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे अंतर घटवावे. ही सक्तीची विश्रांतीच हौशी मंडळींना सर्वांत जाचक वाटते.