आधीचे संरक्षण आणि नंतरचा पंचनामा

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी हत्या केली. त्यातून १९८५ मध्ये विशेष संरक्षण गट उभा राहिला. १९८८ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याचे काम गुन्हेगार शोधणे नव्हे, तर हल्ला होऊच न देणे. म्हणून सभेचे मैदान, रस्ता, निवास सारे आधी तपासले जाते. राजीव गांधींचे पद १९८९ मध्ये गेले आणि पाठोपाठ हे कडेही गेले. १९९१ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर माजी पंतप्रधानांनाही कायद्यात घेतले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांची मुदत पाच वर्षांची केली.

याला माझा विरोध नाही. पण विद्यार्थ्यांना मी या कायद्याशेजारी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम ठेवून वाचायला सांगतो. तत्त्व तेच आहे: अत्याचारप्रवण गावे आधी हेरा, शस्त्रपरवाने रद्द करा, विशेष पोलीस ठेवा. म्हणजे शासनाला हे कळत नाही असे नव्हे. कागदावर सारे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले, तेव्हा या नियमांना अकरा वर्षे झाली होती.