चिंध्यांतील चित्रकला

नागपूरचा उन्हाळा जितका प्रखर, तितकीच तेथील हिवाळ्यातील रात्र बोचरी असते. पौष महिन्यात पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री विदर्भातील असंख्य घरांत पिढ्यान् पिढ्या एकच वस्तू थंडीचे निवारण करीत आली आहे. ती म्हणजे गोधडी. कोठे कोठे तिला वाकळ असेही म्हणतात.

विदर्भ हा कापसाचा प्रदेश. नागपूर, उमरेड, पवनी येथील कोष्टी विणकर हातमागावर सुंदर काठांची लुगडी आणि धोतरे विणीत. १८७७ साली जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आज ती बंद झाली आहे. परंतु तिच्या कापडाने कित्येक पिढ्यांची अंगे झाकली. तरीही सामान्य घरात नवे लुगडे वर्षातून एकदोनदाच येई. म्हणून ते विरले, तरी टाकून देणे गृहिणीच्या जिवावर येई. चिंधीचे मोल विदर्भाला चांगले ठाऊक होते. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घालीत. म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणत.

गोधडी शिवण्याची रीत साधी, पण विचारपूर्वक ठरलेली आहे. प्रथम जुने कपडे स्वच्छ धुऊन उन्हात वाळवितात. विरलेला भाग काढून टाकतात व टिकाऊ भाग निवडून घेतात. मग सारवलेल्या जमिनीवर एक अखंड लुगडे ताणून पसरतात. त्यावर जुन्या धोतरांचे व सदऱ्यांचे थर देतात आणि सर्वांत वर रंगीबेरंगी तुकड्यांची मांडणी करतात. थर हलू नयेत म्हणून आधी लांब लांब टाके घालतात. त्यानंतर जाड सुई व दुहेरी दोरा घेऊन धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालीत जातात. या टाक्यांमुळे आतील थर गोळा होत नाहीत. थरांमध्ये हवा कोंडून राहते व ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पुष्कळदा धुतलेले सुती कापड अतिशय मऊ होते. म्हणूनच तान्ह्या बाळासाठी नव्या कापडापेक्षा आजीच्या लुगड्याची दुपटी अधिक आवडीने शिवतात.

येथवर झाली ती उपयोगाची गोष्ट. परंतु ऊब तर कसेही तुकडे जोडले तरी मिळाली असती. मग निळ्याशेजारी पिवळा, हिरव्याशेजारी तांबडा अशी निवड कशासाठी? येथेच कलेचा जन्म होतो. रोज सकाळी अंगणात रांगोळी रेखणारा हात गोधडीवरही चौकोन, त्रिकोण आणि फुले मांडू लागतो. या चित्राचा आराखडा कागदावर नसतो. हिरवे तुकडे चार हवे असतात आणि हाती तीनच लागतात. मग चौथ्या कोपऱ्यात जांभळा येतो, आणि त्या एका तुकड्यासाठी सारी मांडणी बदलते. उणीव हीच येथे नव्या कल्पनेची जननी ठरते.

अशी कला केवळ महाराष्ट्रातच आहे असे नाही. बंगालमधील स्त्रिया जुन्या साड्यांचे थर देऊन कांथा शिवतात. त्यावर मासे, कमळे व हत्ती उमटवितात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक गाव आहे. तेथील स्त्रिया गुलामगिरीत पिचलेल्या लोकांच्या वंशातील. शेतावर फाटलेल्या कपड्यांतून त्यांनी घरच्यांसाठी गोधड्या शिवल्या. त्याच गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडण्यात आल्या, आणि २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकली. ज्यांना कोणी कलावंत म्हटले नव्हते, त्यांची कला जगाने अशी उशिरा ओळखली.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात शतकानुशतकांपूर्वीची शिल्पे व नाणी पाहावयास मिळतात. दगड आणि धातू काळाला तोंड देतात. गोधडीचे तसे नाही. ती पांघरली जाते, धुतली जाते, झिजते, आणि अखेरीस तिचा तुकडा दुसऱ्या गोधडीच्या पोटात जातो. तिच्यावर शिवणारीचे नावही नसते. ही कला टिकते ती केवळ एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन. आजीची दृष्टी मंदावली की नात तिला सुईत दोरा ओवून देते. दोरा ओवता ओवता ती टाका पाहते, मग स्वतः एक ओळ घालते, आणि ती आवड तिला जन्मभर सोडीत नाही. यंत्रावर विणलेली घोंगडी व रजया आज स्वस्त मिळतात. त्यामुळे थंडीचा प्रश्न सुटेल. पण सुईत दोरा ओवणारी नातच आजीजवळ बसली नाही, तर शेकडो वर्षांची ही ओळ तेथेच तुटेल.